सातवा खंड कधी येणार?

जावई पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार विभागात नोकरीला होता. संध्याकाळी घरी आल्यावर त्याला जगाकडून एवढेच हवे असे, की खिडकीजवळच्या खुर्चीत बसावे, पुस्तक उघडावे आणि अर्धा तास कुणी काही बोलू नये. दिवसभर लोक त्याच्या कानात ओरडत. नळाला पाणी नाही. पाणी आहे, पण गढूळ आहे. स्वच्छ आहे, पण शेजाऱ्याकडे जास्त येते. "आपली तक्रार नोंदवून घेतली आहे," हे वाक्य तो इतक्या वेळा म्हणे, की एकदा बायको चिडून बोलत असताना त्याच्या तोंडून तेच निघून गेले. त्यानंतर दोन दिवस घरात कुणी त्याच्याशी अवाक्षर बोलले नव्हते. ते दोन दिवस त्याला अजून आठवत.

पण सासूबाई गेल्या आणि सासरे मुलीकडे राहायला आले, तेव्हापासून तो अर्धा तासही गेला. सासरे पुलांचे इंजिनीअर म्हणून निवृत्त झालेले. माणूस सोन्यासारखा, पण बोलका. आणि डोळा असा, की वाकडे तेवढेच दिसायचे. जावई चप्पल काढतोय न काढतोय, तोच ते समोरच्या खुर्चीवरून सुरू करत.

"जावईबापू, तुमचा जिना बघितला आज. चौथी पायरी बाकीच्यांपेक्षा बोटभर उंच आहे."

"हो का?"

"माणूस पडेल."

"अजून कुणी पडलेलं नाही, बाबा."

"पूल पडायच्या आदल्या दिवशी सगळे हेच म्हणतात."

अशा माणसाच्या स्वतःच्या हृदयाची एक झडप अरुंद झाली होती. बदलायला हवी, असे सर्जनने स्वच्छ सांगितले होते. सासरे ऐकायला तयार नव्हते. "जुन्या बांधकामाला हात लावू नये," ते म्हणत. "एक दगड काढायला जावं, तर पलीकडची भिंत खाली येते. आणि माझं सगळं करून झालंय. पूल उभे आहेत, मुलगी सुखात आहे, तिची आई गेली. आता कशासाठी?"

मुलगी एका शाळेची उपमुख्याध्यापिका होती. तिची नुसती सावली दिसली तरी वर्ग चिडीचूप होत. पण 'आता कशासाठी' या प्रश्नापुढे तिचाही आवाज बसे. ती जाऊन भांडी आपटायची आणि जावई नवा आवाज कानात साठवून घ्यायचा.

एका संध्याकाळी मात्र त्याचा धीर सुटला. त्या दिवशी गावाची मोठी जलवाहिनी फुटली होती आणि अर्ध्या गावाने त्याला फोनवरून सोलून काढले होते. घरी आला तर सासरे खिडकीच्या बिजागरीबद्दल बोलू लागले. जावई उठला, कपाटाच्या वरच्या फळीवरून 'मीठपर्वताची गाथा'चा पहिला खंड काढला आणि सासऱ्यांच्या मांडीवर ठेवला.

"हे वाचा, बाबा. फार सुंदर आहे."

"काय आहे?"

"कादंबरी आहे. राज्य आहे, राणी आहे, सात दारं आहेत, ड्रॅगन आहे."

सासऱ्यांनी पुस्तकाचे वजन हातावर जोखून पाहिले. "ड्रॅगन काम काय करतो?"

"पहिल्या खंडात झोपलेला असतो."

"मग सरकारी दिसतोय," सासरे म्हणाले आणि त्यांनी चष्मा लावला.

ही गाथा म्हणजे जावयाचा जीव की प्राण. कॉलेजात असताना त्याने पहिला खंड वाचला होता आणि नंतरचा प्रत्येक खंड दुकानात आल्या दिवशी आणला होता. आजवर कुणाला त्याने तो संच हाताळू दिला नव्हता. पण त्या संध्याकाळी सासरे पहिल्या पानात शिरले, खोली शांत झाली, आणि हे आधी का सुचले नाही म्हणून त्याने स्वतःच्या कपाळाला हात लावला.

शांतता दोन-तीन दिवस टिकली. मग सासऱ्यांनी कानामागची पेन्सिल काढली.

"जावईबापू, हा मीठपर्वत. तिथं पाऊस पडतो का?"

"पडतो."

"मग पर्वत अजून आहे कसा?"

"जादूचा आहे, बाबा."

"असं आधी सांगायचं. मी इकडं किती वर्षांत विरघळेल ते काढत बसलो."

दुसऱ्या संध्याकाळी घोडे निघाले. "एवढं घोडदळ वाळवंटातून महिनाभर चाललंय. खातं काय?"

"लेखकानं ते दाखवलेलं नाही."

"मग घोडेही दाखवू नयेत."

आणि दुसऱ्या खंडातल्या झुलत्या पुलापाशी तर ते खुर्चीतून उठूनच उभे राहिले. "पावलं जुळवून! सगळं सैन्य एका तालात पूल ओलांडतंय, जावईबापू! आणि पूल झोके घेत नाही, तुटत नाही, काही नाही. अहो, पुलावर आलं की ताल मोडायचा असतो, हे साध्या शिपायालाही शिकवतात. ह्या सेनापतीला कुणी नेमलं?"

जावई पाण्याबद्दलच्या तक्रारी वर्षानुवर्षे शांतपणे ऐकत आला होता, कारण ते पाणी काही त्याचे नव्हते. गाथा मात्र त्याची होती. आयुष्यात पहिल्यांदा तो सासऱ्यांवर आवाज चढवून बोलला.

"बाबा, पूल सोडा! ही माणसांची गोष्ट आहे. राणी स्वतःच्या भावाला पलीकडं ठेवून दार लावून घेते, तिथं तुम्हाला काहीच झालं नाही?"

सासऱ्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने बराच वेळ पुसला. "ते ठीक आहे," ते म्हणाले. "पण दार बाहेरच्या बाजूला उघडणारं आहे. मग आतून आडणा लावून उपयोग काय?"

"एवढं वाईट असेल, तर नका वाचू पुढं."

"असं कसं? अर्धा पूल टाकून मी कधी घरी आलेलो नाही. तिसरा खंड द्या."

घरातल्या घरात असते, तर जावयाने हेही सोसले असते. पण सासरे सकाळी बागेत फिरायला जात, म्हणजे फाटकापासून पहिल्या बाकापर्यंत जात. तिथे त्यांच्यासोबत भूगोलाच्या निवृत्त बाई आणि एक निवृत्त शिंपी बसत. सासऱ्यांनी तिथे गाथेतल्या चुका सांगायला सुरुवात केली. चुका इतक्या रंगवून सांगितल्या, की दोघांनाही पुस्तक वाचल्याशिवाय राहवेना. बघता बघता जावयाचा जपून ठेवलेला संच बाकावर पोचला. परत येणाऱ्या खंडांना गुडघ्याच्या मलमाचा वास येऊ लागला.

एके दिवशी कार्यालयात फोन वाजला.

"नदीबद्दल तक्रार आहे," पलीकडून एक खणखणीत बायकी आवाज आला.

"बोला. आपण कुठल्या भागात?"

"पाचव्या."

"पाचवा प्रभाग?"

"पाचवा खंड! मी भूगोलाच्या बाई बोलतेय. सुरुवातीला नकाशा दिलाय बघा. ही नदी समुद्रातून निघून डोंगरावर चढते. मी जन्मभर मुलांना काय शिकवलं मग?"

जावयाने डोळे मिटले. "आपली तक्रार नोंदवून घेतली आहे," तो म्हणाला.

शिंप्याची तऱ्हा वेगळी. त्याला ड्रॅगनचा कंटाळा आला होता. रस्त्यात जावयाला गाठून तो म्हणाला, "साहेब, जरा खरं वाटेल असं काहीतरी द्या." जावयाने त्याला तीन खंडांची विज्ञानकथा दिली. त्यात एक अवकाशयान शेकडो वर्षे चाललेले असते आणि पिढ्यान्‌पिढ्या माणसे आतच जन्मतात नि मरतात. शिंप्याने पहिला खंड लवकरच परत आणला.

"आवडला का?"

"बरा आहे. पण पणजोबाचा गणवेश पणतू घालतो, तरी शिवण उसवत नाही. दोरा कुठला वापरतात तेवढं विचारून सांगा."

खरे तर त्या मालिकेतली एक गोष्ट जावयालाही कधी पटली नव्हती. तेच पाणी गाळून गाळून इतक्या पिढ्या पितात, आणि पाण्याबद्दल एकही तक्रार येत नाही. पण हे त्याने शिंप्याला सांगितले नाही. आगीत तेल कशाला?

हळूहळू तो दिसेल तिथे लोक त्याला धरू लागले. मारामारी नको असेल तर कुठून वाचायचे, चौथा खंड एवढा रटाळ का, राणी लग्न करणार की नाही. संध्याकाळी तो आता सासऱ्यांपासून नव्हे, तर सगळ्या बाकापासून लपून मागच्या गल्लीने घरी येई. आणि या धावपळीत तो एक गोष्ट साफ विसरून गेला.

ती त्याला एका रविवारी सकाळी आठवली, दात घासताना. सासरे सहावा खंड छातीशी धरून मोरीच्या दारात उभे होते. चेहरा उतरलेला, केस विस्कटलेले.

"राणी सातव्या दारापाशी आली," ते म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "गेलेली सगळी माणसं त्या दारामागं असतात, असं तो म्हातारा ड्रॅगन म्हणाला. तिनं कडीला हात घातला. आणि खंड संपला."

जावयाच्या हातातला ब्रश थांबला.

"सातवा द्या," सासरे म्हणाले.

जावयाने चूळ भरली. मग गरज नसताना आणखी एक भरली. "बाबा, सातवा अजून आलेला नाही."

"कधी येणार?"

"लवकरच."

"लवकरच म्हणजे?"

"असं ते दहा-अकरा वर्षं म्हणतायत."

सबंध आयुष्यात सासरे पहिल्यांदाच असे काही न बोलता उभे होते आणि जावयाला ती शांतता मुळीच आवडली नाही. शेवटी ते म्हणाले, "जावईबापू, माझ्या हृदयाची काय अवस्था आहे हे माहीत असताना तुम्ही मला अर्धवट मालिका दिलीत?"

आवाज ऐकून बायको आली. तिने सगळे ऐकून घेतले आणि कमरेवर हात ठेवले. शाळेत ती अशी उभी राहिली की मुले आपणहून वर्गाबाहेर जात.

"जगात एवढी पुस्तकं पडलीयेत. एक पूर्ण झालेलं नाही सापडलं तुला?"

"मी फक्त त्यांनी शांत बसावं म्हणून–"

"काय?"

"काही नाही."

दुपारी बाक घरी आला. भूगोलाच्या बाई पुढे, शिंपी मागे. दोघांचाही सहावा खंड संपला होता. बाई म्हणाल्या, की हा शुद्ध विश्वासघात आहे. शिंपी म्हणाला, "साहेब, माप घेऊन, कापड कापून मी गिऱ्हाइकाला दहा वर्षं थांबवलं असतं, तर त्यानं मला त्याच कात्रीनं कापलं असतं." जावयाने खूप समजावले, की मी लेखक नाही, मी नुसता वाचक आहे, मीही तितकीच वर्षे ताटकळत आहे. पण तक्रार विभागातल्या माणसाचे असेच असते. पाइप कुणीही फोडो, शिव्या फोन उचलणाऱ्याला. शेवटी थकून त्याच्या तोंडून निघाले, "आपली तक्रार योग्य त्या ठिकाणी पोचवण्यात येईल." दोघेही समाधानाने उठून गेले. यामुळे तो अधिकच घाबरला.

सासरे त्यानंतर आठवडाभर गप्प होते. जिन्याबद्दल नाही, बिजागरीबद्दल नाही, एक शब्द नाही. खिडकीजवळची खुर्ची रोज संध्याकाळी जावयासाठी रिकामी असे आणि पुस्तक उघडून तो एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत बसे. मग एकदा जेवताना सासऱ्यांनी ताट बाजूला सारले.

"सर्जनला फोन कर," ते मुलीला म्हणाले. "ऑपरेशनची तारीख घे."

मुलीच्या हातातला डाव खाली पडला. "बाबा?"

"दारामागं काय आहे ते बघितल्याशिवाय मी जायचा नाही. उगाच तोंड उघडं टाकून बघू नकोस. फोन कर."

ऑपरेशनच्या दिवशी स्ट्रेचरवर झोपल्या झोपल्या त्यांनी सर्जनला थांबवले. "ही नवी झडप किती टिकेल?"

"पंधरा वर्षं आरामात टिकेल, आजोबा."

सासऱ्यांनी जावयाकडे पाहून मान हलवली. "लेखकाच्या वेगाला कमी पडेल," ते म्हणाले, आणि त्यांना आत नेले.

सगळे सुखरूप झाले. घरी आल्यावर सासरे ओळखू येईनात. गोळ्या वेळच्या वेळी, जेवणात मीठ चिमूटभर, आणि फिरणे म्हणजे खरोखरचे फिरणे, बाकापाशी न थांबता. बायको जावयाकडे अशा नजरेने पाहू लागली, की त्याला लग्नाआधीचे दिवस आठवले. "आयुष्यात एकदा तरी बरोबर पुस्तक सुचवलंस," ती म्हणाली. जावई थकलेला होता, पण सुखी होता. आणि म्हणूनच पुढचे संकट आले, तेव्हा त्याला ते संकट आहे हे कळलेच नाही.

पुस्तकाच्या दुकानातून फोन आला, की सातवा खंड आला आहे.

तो धावत गेला, खंड घेतला, वास घेतला, पिशवीत घातला आणि बायकोच्या शाळेत जाऊन ती बातमी तिला सांगितली. बायकोने आधी आपल्या खोलीचे दार लावून घेतले.

"बाबांना कळता कामा नये."

"अगं, पण ते त्याच्यासाठीच तर–"

"त्याच्यासाठीच जगतायत! म्हणूनच म्हणते. आलं पुस्तक, वाचलं पुस्तक, संपलं. मग उद्यापासून गोळ्या कशासाठी? चालायचं कशासाठी? पुन्हा सुरू होईल त्यांचं 'आता कशासाठी'. पुस्तक घरात आणायचं नाही."

"मी वाचू ना पण?"

"ऑफिसात वाच. आणि चेहऱ्यावर काही दिसू देऊ नकोस."

म्हणून ज्या पुस्तकाची त्याने एवढी वर्षे खुर्चीत रेलून वाचायची स्वप्ने पाहिली, ते त्याला तक्रार विभागाच्या टेबलाखाली, मांडीवर ठेवून, चोरून वाचावे लागले. मध्येच फोन वाजे. राणी दाराची कडी काढायची आणि इकडे कुणाच्या तरी टाकीत मेलेला उंदीर निघायचा. तरीही तो नेटाने वाचत गेला. एका दुपारी तो शेवटच्या पानापाशी आला. दार उघडले. आत खाली जाणाऱ्या पायऱ्या होत्या, धुके होते, आणि खालून कुणीतरी दिवा घेऊन वर येत होते. कोण, ते दिसायच्या आत पान संपले. खाली बारीक अक्षरात छापले होते: 'पूर्वार्ध समाप्त.'

जावयाने पान उलटून पाहिले. मागे काही नव्हते. त्याने पुस्तक पिशवीत घातले, डोके दुखते म्हणून अर्धी रजा टाकली आणि घरी निघाला.

दार त्याने स्वतःच्या किल्लीने उघडले. खिडकीजवळच्या खुर्चीत सासरे दचकून सावरून बसले. मांडीवर वर्तमानपत्र होते, तेही उलटे.

"लवकर आलात?"

"डोकं दुखतंय. बाबा, तुम्ही आज उंच दिसताय."

"बरं वाटतंय हल्ली."

"दुपारची गोळी घेतली का?"

"तेवढी आणून द्या इथंच. मला उठवत नाही."

जावई पिशवी ठेवून पुढे झाला. "उठवत नाही? म्हणजे? छातीत दुखतंय का?"

"नाही हो, काही दुखत नाही. फक्त उठवत नाही."

जावयाने आधी शाळेत फोन केला. "बाबांना उठवत नाहीये, लगेच ये," एवढे सांगून त्याने फोन ठेवला आणि सासऱ्यांना काखेत हात घालून उचलायला लागला. सासरे खुर्चीचे हात घट्ट धरून "राहू द्या, राहू द्या" म्हणत होते. नव्या झडपेचा माणूस चांगलाच ताकदीचा झाला होता. पण शेवटी जावई जिंकला. सासरे उभे राहिले, उशी घसरली, आणि उशीखालून मीठपर्वताच्या गाथेचा सातवा खंड धप्पकन जमिनीवर पडला.

दोघेही त्याच्याकडे पाहत राहिले.

"भूगोलाच्या बाईंनी आणला," सासरे खाली मान घालून म्हणाले. "तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं."

"मला? का?"

"अहो, तुम्ही कॉलेजपासून वाट बघताय. त्या नोकरीनं आधीच पार पिळून निघालायत. त्यात हा शेवट वाचलात, तर तुम्ही पुरते खचून जाल, असं वाटलं. म्हटलं, थोडे दिवस तरी तुम्ही वाट बघत राहा."

जावयाने पिशवीतून आपला खंड काढून दाखवला. सासरे हळूच खुर्चीत बसले. आता ते नेहमीएवढे उंच होते.

"वाचलात?"

"आत्ताच."

"दिवा घेऊन कोण येत होतं, असं तुम्हाला वाटतं?"

"राणीचा भाऊ. दुसरं कोण?"

"मला बाई वाटली," सासरे म्हणाले. "पावलांच्या वर्णनावरून. जिना चढताना एका पायावर किंचित जोर देते, असं लिहिलंय." ते खिडकीबाहेर पाहत होते. सासूबाईंचा उजवा गुडघा शेवटी शेवटी दुखायचा, हे जावयाला ठाऊक होते. भावाचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

पण त्याचा स्वतःचा राग काही मावेना. इतक्या वर्षांचे साचलेले एकदम वर आले. "हा निव्वळ फसवणुकीचा धंदा आहे, बाबा! निम्म्या खंडात सगळे नुसते चालतात. तो सेनापती मेला होता, तो परत येतो आणि कुणी विचारतही नाही. दार उघडायला पाचशे पानं! आणि वर पूर्वार्ध?"

"अहो, पुलाचा शेवटचा गाळा नेहमी अवघड जातो," सासरे म्हणाले. "सगळी घाई करतात, वरून फोन येतात, माणसं थकलेली असतात. एवढं चालायचंच."

गाथेवर पेन्सिल चालवणारा माणूस हाच का, म्हणून जावई बघतच राहिला. तेवढ्यात बायको धापा टाकत आत आली. वडील खुर्चीत, नवरा तावातावाने उभा, आणि सातव्या खंडाच्या दोन प्रती. ती भिंतीला टेकली.

"बाबा, तुम्ही वाचलंत?" तिने भीत भीत विचारले. "मग आता गोळ्या?"

"कुठायत? केव्हाचा मागतोय, हे देतच नाहीत." सासऱ्यांनी गोळी पाण्याबरोबर गिळली. "अगं, ह्यानं अर्धंच काम केलंय अजून. मला आता निदान वीस वर्षं काढायला पाहिजेत." मग त्यांनी खंडाची पाठ वर केली. तिथे लेखकाचा फोटो होता. "पण माझी काळजी नाही. हे बघा. पहिल्या खंडावर केस काळे होते. आता गालफडं बसलीत, डोळ्यांखाली सूज आहे. ह्याला धाप लागत असणार. मला कळतं. जावईबापू, कागद घ्या. तक्रार विभागातले आहात, भाषा तुम्हाला येते."

जावयाने कागद घेतला आणि पेनाचे टोपण दाताने काढले. आजवर त्याने दुसऱ्यांच्या तक्रारी घेतल्या होत्या. आज तो स्वतःची लिहिणार होता, आणि लेखकाला ती जन्मभर पुरली असती. "सांगा, बाबा."

"महोदय," सासरे म्हणाले, "जिना चढताना आपल्याला दम लागतो का?"

जावयाने वर पाहिले.

"लिहा, लिहा. लागत असल्यास हृदयाची झडप तपासून घ्यावी. ऑपरेशनला घाबरू नये, मी घाबरत होतो. जेवणात मीठ कमी करावं. रोज सकाळी चालावं, बाकावर बसू नये."

"गोळ्या जेवणानंतर," बायको भिंतीपासून म्हणाली.

"हां, गोळ्या जेवणानंतर घ्याव्यात. घरात कुणी काळजी घेणारं नसेल, तर तसं कळवावं. पत्ता द्या आपला खाली."

जावई लिहीत होता. त्याचा राग कुठेतरी दुसऱ्या ओळीतच गळून गेला होता आणि उरला होता तो नुसता थकवा. पण हा थकवा त्याला फारसा वाईट वाटला नाही. "आणि शेवटी काय लिहू?"

सासऱ्यांनी खुर्चीत पाठ टेकली. "शेवटी लिहा, आम्हाला काही घाई नाही."

जावयाने लिहिले.

सासऱ्यांनी वाकून कागदाकडे पाहिले. "नको," ते म्हणाले. "ते खोडा."

"मग?"

"'फार घाई नाही' असं लिहा."